झाडाला नाव ठेवा

आमच्या मुख्याध्यापिका वसुधाबाई एखाद्या कार्यशाळेला जाऊन आल्या की पुढचे काही महिने आमचं काही खरं नसतं. एकदा त्या योगासनं शिकून आल्या आणि आम्ही सगळ्या शिक्षिका पावसाळाभर चटयांवर पालथ्या पडलो होतो. एकदा आनंददायी गणित शिकून आल्या, तर शाळेत चिंचोके इतके जमले की कपाट उघडलं की अंगावर यायचे. या जूनमध्ये त्या विलेपार्ल्याला दोन दिवस जाऊन आल्या आणि आल्या त्या हिरव्या होऊनच आल्या.

"माधुरी, तुझ्या वर्गातल्या मुलांना दिवसभर काय दिसतं सांग," त्यांनी मला स्टाफरूममध्ये धरलं.

"फळा," मी म्हटलं.

"आणखी?"

"मी."

"आणि खिडकीतून?"

"समोरच्या बिल्डिंगचे मोरीचे पाइप."

"तेच!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "हिरवं काही दिसलं की मुलांचं मन निवतं, चिडचिड कमी होते, अभ्यासात लक्ष लागतं. आणि आपल्या शाळेत हिरवं काय आहे? फक्त गेट!"

हे मात्र खोटं नव्हतं. आमची शाळा मुलुंड पूर्वेला, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. तीन मजले आणि खाली पटांगण. पटांगण म्हणजे शहाबादी लाद्या, एका बाजूला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेली घसरगुंडी. मागे कधीतरी तिथे एक बदाम होता म्हणे. पानं पडतात, कचरा होतो म्हणून तो तोडला, आणि मग उन्हाळ्यात लाद्या तापतात म्हणून वर पत्रा घातला. असे आम्ही लोक.

मी वसुधाबाईंना मनातल्या मनात हात जोडले होते, पण झालं भलतंच. पालकांनी उचलूनच धरलं. रंगाचे रिकामे डबे आले, आईस्क्रीमचे डबे आले, कोणाच्या तरी आजोबांनी गळका पिंप पाठवला. माती आली. आरेकडच्या एका नर्सरीवाल्याने रोपं द्यायची कबूल केली. ही बातमी मी दुसरीच्या वर्गात सांगितली तेव्हा सम्यकने हात वर केला.

"बाई, झाडं नर्सरीतनं येणार?"

"हो."

"म्हणजे ती आपल्यापेक्षा लहान?"

मी हो म्हटलं. वर्ग एकदम मोठा झाला. आपल्या वर्गात नर्सरीतली पोरं येणार म्हटल्यावर कोणी कोणाला सांभाळायचं यावर चर्चा सुरू झाली, आणि मला ती थांबवावीशी वाटेना.

नर्सरीवाल्याने एक चांगलं केलं होतं. त्याने बाईंना सांगितलं होतं, की दिवाळीपर्यंत बघा, ज्या रोपाला तुमच्याकडची हवा मानवणार नाही, फुलणार फळणार नाही, ते मला परत आणून द्या. मी त्याला बरं करीन आणि तुम्हाला दुसरं देईन. वसुधाबाईंनी हे प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला समजावून सांगितलं. झाड वाळलं म्हणून कोणी रडायचं नाही, झाड मरत नाही, ते आपल्या घरी परत जातं. सगळ्या पोरांनी माना डोलावल्या. कोणी ते किती मनावर घेतलं असेल, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

आता सईचं सांगते.

सई माझ्या वर्गात जूनमध्ये आली. सावंतवाडीच्या बाजूचं गाव. आईवडील दोघं इथे नोकरीला, सुशांत एसी दुरुस्तीच्या कंपनीत आणि रुचिरा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. पोरगी दीड वर्षाची असल्यापासून गावी आजीपाशी वाढलेली. आता खोलीचं नीट जमलं, रुचिराला सकाळची पाळी मिळाली, म्हणून तिला मुंबईला आणलं. पहिल्याच दिवशी ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, माका पाणी व्हया."

वर्ग खो खो हसत सुटला. लहान पोरं हसतात ती काही दुष्टपणाने नाही, पण हसतात. मी ओरडले, पाणी दिलं, हसणाऱ्यांना उभं केलं. त्यानंतर सई जी गप्प झाली ती झालीच. लिहायची सुरेख. बेरजा बरोबर. विचारलं की मान हलवायची. तोंडातून मात्र हूं की चूं नाही.

मी स्वभावानेच चोंबडी. कोणी गप्प बसलं की मला झोप येत नाही. मी गोड बोलून पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं, एकदा चिडूनही पाहिलं. शेवटी रुचिराला बोलावलं.

"बाई, घरी पण तशीच आहे," रुचिरा म्हणाली. सडपातळ बाई, लॅबचा निळा कोट हातावर घडी घालून घेतलेला. "जेवलीस का, तर मान. झोप येते का, तर मान. आजीचा फोन आला तरी नुसती हूं हूं. मी तिला एवढंच सांगितलं होतं की शाळेत नीट बोल, माका तुका करू नकोस, पोरं हसतील. आम्ही हिच्याशी घरात पण साधं मराठीच बोलतो ओ. पण ती बोलतच नाही."

"होईल सवय."

"हिचे पप्पा म्हणतात, दिवाळीपर्यंत वाट बघू. नाहीच बोलली तर परत गावी ठेवू, तिथल्याच शाळेत घालू. तिच्यासमोरच म्हणाले, जरा घाबरून तरी बोलेल म्हणून." रुचिराचे डोळे भरले. "साडेपाच वर्षं मी हिची वाट बघितली, बाई. आणि आता माणसं म्हणतात, हिला मुंबई मानवली नाही."

मला फार वाईट वाटलं. सईला इथे ठेवायचं, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवूनच टाकलं, कोणी विचारलेलं नसताना.

रोपं आली ती जुलैत. चिठ्ठ्या टाकून वाटली. एकाने अबोलीचं रोप घरून आणलं होतं, ते मी सईच्या वाट्याला मुद्दाम येऊ दिलं नाही. चिडवायला पोरांना तेवढंच पुरलं असतं. सईला मिरची निघाली. दोन बोटांएवढं रोप. तिने ते आईस्क्रीमच्या डब्यात असं काही लावलं की मी बघतच राहिले. माती दाबायची किती, पाणी सोडायचं कुठून, सगळं हाताला माहीत होतं. डबे आम्ही जिन्याच्या भिंतीलगत ओळीने मांडले, कारण तिथे सकाळचं ऊन येतं.

मग मी वर्गाला घरचा अभ्यास दिला. सोपा. "उद्या येताना प्रत्येकाने आपल्या झाडाला नाव ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी नावांचा नुसता पाऊस. तुळशीचं नाव पिंकी, कोरफडीचं नाव भाई, कढीपत्त्याचं नाव गुंडू. सम्यकने आपल्या सदाफुलीचं नाव माधुरी ठेवलं होतं, कारण ती सारखी डोलते म्हणे. सईला विचारलं, तर तिने मान हलवली. म्हणजे ठेवलं.

"काय ठेवलंस?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मीच काहीतरी चुकीचं विचारलंय. मी सोडून दिलं.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत सम्यक धापा टाकत वर आला. "बाई! सई बोलते!"

माझ्या हातातला चहा सांडला. "कोणाशी?"

"कोणाशी नाही. झाडाला बोलते!"

मी जिन्याने उतरेपर्यंत ती गप्प झाली होती. मिरचीपुढे उकिडवी बसलेली, मला बघितलं आणि उठून गेली. सम्यकला विचारलं काय बोलत होती, तर म्हणाला, "कळलं नाही बाई. पण जाम ओरडत होती."

आता मात्र मला राहवेना. जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, बरोबर त्या डब्यांच्या डोक्यावर. मधली सुट्टी झाली की मी डबा घेऊन तिथे उभी राहायला लागले. पोळीभाजी खिडकीत ठेवून जेवणारी शिक्षिका शाळेने पहिल्यांदाच बघितली असेल. खाली गलका, वर पत्र्याचा आवाज. पण सईचा आवाज यायचा. हळू, ठसक्यात, थांबून थांबून. आणि हातवारे! कमरेवर हात, मान तिरकी, एक बोट मिरचीच्या शेंड्याकडे. शब्द मात्र मला लागेनात. आमचं मूळ वाशिमकडचं, मी वाढले घाटकोपरला, मालवणी माझ्या कानाला कधी लागलेलीच नाही. एक "काय तां" आणि एक "नुसतां" एवढंच कळायचं. ही पोरगी त्या झाडाला शिव्या देते आहे, एवढी मात्र माझी खात्री झाली.

आणि झाड तर वाढत होतं. नुसतं वाढत नव्हतं, फोफावत होतं. ऑगस्ट सरेपर्यंत मिरची डब्याबाहेर आली, चारी बाजूंनी फांद्या, पानं काळीभोर हिरवी. भाईला कीड लागली, पिंकी एका बाजूला कलली, माधुरी सदाफुली जास्त पाण्याने मलूल झाली. सईची मिरची बघायला चौथीची मुलं यायची. एरवी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली एकदोन पोरं तरी एकमेकांच्या उरावर बसलेली असायची, ती आता डब्यांपुढे बसून मुंगळे मोजायची. वसुधाबाईंचं म्हणणं खरं होत होतं, हे मला कबूल करायला जड गेलं, पण केलं. एकच गोष्ट नव्हती. मिरचीला फूल नव्हतं.

सप्टेंबरात बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सईला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर तिची पाठ थोपटली. "सर्वांत सुंदर रोप सईचं! आता फक्त मिरच्या लागायच्या बाकी!" टाळ्या झाल्या. मी सईचं तोंड बघत होते. शाबासकी मिळालेल्या पोराचं तोंड असं नसतं. एखाद्याचा हातचा डाव गेला की होतं, तसं ते झालं होतं.

का? ह्या 'का'ने माझं डोकं खाल्लं. त्या दिवशी सगळी पांगल्यावर मी डब्यापाशी गेले. मिरचीच्या बुडाशी, मातीवर, बारीक हिरवट पांढरे मणी पडले होते. मी एक उचलून बघितला. कळी होती. दुसरी, तिसरी, सगळ्या कळ्या. देठाशी नखाने खुडलेल्या.

मला काही उमजेना. रोज पाणी घालणारी, पानं पुसणारी पोरगी कळ्या खुडते कशाला? कळ्या खुडल्या म्हणूनच ते झाड असं फोफावलं होतं, हे मला नंतर नर्सरीवाल्याने सांगितलं. पहिल्या कळ्या काढल्या की झाड फांद्या काढतं. पण सईला ते माहीत असावं असं तिच्या तोंडावरून तरी वाटत नव्हतं.

शेवटी मी जयंतीला गाठलं. जयंती परब चौथीची वर्गशिक्षिका, माझी मैत्रीण, कुडाळची.

"चल माझ्याबरोबर. जिन्यात उभं राहायचंय."

"वेडी झालीस का गं? लपून पोरांचं ऐकायचं?"

"लपून नाही. खिडकीतून."

"तू ना, माधुरी, सुधारणार नाहीस."

पण आली. डबा घेऊनच आली. आम्ही दोघी खिडकीला चिकटून उभ्या राहिलो. खाली सई आली, इकडेतिकडे बघितलं, उकिडवी बसली आणि सुरू झाली.

"काय तां तुझां रूप! पानां बघ, उंदरान कुरतडल्यासारखी. नुसतां पाणी पितंस नि उभां ऱ्हवतंस. ती तुळस बघ, तुझ्या मागसून इली..."

जयंतीने तोंडावर पदर दाबला. ती इतकी हसायला लागली की मला तिला चिमटा काढावा लागला.

"काय बोलते सांग ना!"

"अगं, नावं ठेवते!" जयंती कुजबुजली. "तुझं रूप बघ म्हणते, पानं उंदराने कुरतडल्यासारखी म्हणते. नुसतं पाणी पितं आणि उभं राहतं. अगदी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसारखं. माझी आजी परसात गेली की अशीच प्रत्येक झाडाला नावं ठेवत फिरायची. आणि काय लागायचं गं तिच्या हाताला!"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. उद्या येताना प्रत्येकाने आपल्या झाडाला नाव ठेवायचं. हे मीच सांगितलं होतं. बाकीच्यांनी बारसं केलं. सईने ऐकलं ते तिच्या घरात ज्या अर्थाने ऐकलं होतं त्या अर्थाने, आणि जुलैपासून रोज, न चुकता, घरचा अभ्यास करत होती. सबंध वर्गात एवढ्या नेमाने अभ्यास करणारी दुसरी नव्हती. मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी खिडकीखाली बसून हसलो.

"थांब," जयंती एकदम म्हणाली. "काहीतरी वेगळं बोलते आता."

खाली आवाज बदलला होता. ठसका गेला होता. सई मिरचीच्या अगदी जवळ सरकली होती आणि फांद्या बाजूला करून शोधत होती. एक कळी सापडली, ती तिने नखाने खुडली.

"फुलां काढू नको हां. कितीदा सांगतलंय तुका. फुलां इली काय हे तुका हयच ठेवतले. गप ऱ्हव. मी बघ कशी गप आसंय. दिवाळी झाली काय तू तुझ्या गावाक, मी माझ्या."

मी जयंतीला हलवलं.

"काय म्हणाली?"

"थांब जरा."

"जयंती, काय म्हणाली?"

जयंतीने डब्याचं झाकण लावलं, मग सांगितलं. "फुलं काढू नकोस म्हणते. फुलं आली तर हे लोक तुला इथेच ठेवतील. गप्प राहा. मी बघ कशी गप्प आहे. दिवाळी झाली की तू तुझ्या गावाला आणि मी माझ्या."

मग मला सगळं एकदम कळलं. नर्सरीवाल्याचं आणि सुशांतचं बोलणं एकच होतं. फुललं नाही तर झाड परत, बोलली नाही तर पोरगी परत. बापाने धाक म्हणून सांगितलं होतं, आणि पोरीने ते वचन म्हणून ऐकलं. ती लाजत नव्हती, घाबरत नव्हती, तिला मुंबई मानवली नाही असंही नव्हतं. सात वर्षांची पोरगी चार महिने आपला हट्ट धरून बसली होती, तोंड मिटून, आणि एका मिरचीला सामील करून घेतलं होतं. मला तिचं इतकं कौतुक वाटलं आणि इतकं रडू आलं की दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना.

"आईला सांगायचं?" मी विचारलं.

"सांगू नकोस," जयंती म्हणाली. "पोरीने विश्वासाने झाडाला सांगितलंय. आणि तिला जायचंय गं. आजीजवळ जायचंय. त्यात चूक काय?"

"आणि तिच्या आईला ती हवी आहे, त्याचं काय?"

"ते मला विचारू नकोस."

मला तरी कुठे माहीत होतं? सईला इथे ठेवायचं असं मी ठरवलं होतं खरं, पण ते ठरवणारी मी कोण? चार दिवस मी गप्प बसले. हे मला किती जड गेलं ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. पाचव्या दिवशी रुचिराला फोन केला आणि म्हटलं, सईच्या आई, शनिवारी थोडं आधी या. ऐकायला या. आणखी काही सांगितलं नाही, सांगता आलंही नसतं.

शनिवारी शाळा लवकर सुटते. सुटल्यावर पोरं झाडांना पाणी घालतात, मग घरी जातात. रुचिरा कामावरून तशीच आली. तिला घेऊन आम्ही जिन्याच्या वळणावर आलो. तिघी एका खिडकीत. रुचिराला काही कळत नव्हतं, ती नुसती पर्स छातीशी धरून उभी होती. पटांगण रिकामं होत आलं तेव्हा सई पाण्याचा मग घेऊन आली, पाणी घातलं, आणि कमरेवर हात ठेवला.

पहिल्या दोन वाक्यांतच रुचिराचा चेहरा फुलला. "अगं बाई! ही तर माझी सासू!" ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "अस्संच! अगदी अस्संच! माझ्या भाकरीला पण अश्शीच नावं ठेवतात त्या."

आणि मग खालचा आवाज बारीक झाला. "फुलां काढू नको हां..."

रुचिराला भाषांतराची गरज नव्हती. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतून निघून गेलं. "मी बघ कशी गप आसंय" ह्या वाक्याला तिने खिडकीचा गज धरला. मला वाटलं, ही आता रडेल किंवा चिडेल, आणि दोन्हींचं काय करायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. ती दोन्ही न करता जिना उतरायला लागली. आम्ही मागून गेलो, पण शेवटच्या पायरीवर थांबलो.

सईने आईला बघितलं. तिने ओठ मिटून घेतले, ते मला पायरीवरून स्पष्ट दिसलं. मूठही मिटली, तिच्यात कळी होती.

रुचिरा तिच्याकडे गेलीच नाही. ती मिरचीच्या पलीकडे उकिडवी बसली, पर्स लादीवर ठेवली आणि झाडाकडे बघत बोलायला लागली. मालवणीत. शब्द शोधत, अडखळत, बरीच वर्षं पेटीत ठेवलेलं लुगडं काढून नेसावं तसं.

"काय गो मिरचे, तुका हय बरां वाटना नाय?"

मिरची गप्प. सई गप्प.

"माका पण वाटा नाय. नवीन इलंय तेवा मोरीत बसान रडत होतंय. नळ सोडून. शेजारणीक आयकाक येव नये म्हणान."

"नळ सोडून रडायची म्हणते," जयंती माझ्या कानात म्हणाली. तेवढं मलाही कळलं होतं.

"खोटां," सई म्हणाली.

जयंतीने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. रुचिराने मात्र मान वळवली नाही. हुशार बाई. ती अजून झाडाशीच बोलत होती.

"खरां सांगतंय. आणि तुका थंय ठेवन इलंय तेवा तर लय रडलंय."

तुला तिथे ठेवून आले तेव्हा तर फार रडले. आता ती मिरचीशी बोलत नव्हती, हे सईलाही कळलं. ती उठून उभी राहिली. "मगे ठेवलंस कित्याक?"

मग ठेवलंस कशाला? पटांगणात दुसरं कोणी नव्हतं. ह्या प्रश्नाची उत्तरं रुचिरापाशी होती, मला जूनमध्ये सांगितली होती तिने. दोघांच्या पाळ्या, दहा बाय दहाची खोली, सांभाळायला कोणी नाही. सगळी खरी होती. तिने त्यातलं एकही दिलं नाही.

"चुकलां माझां," ती म्हणाली. आणि मग पहिल्यांदा सईकडे बघितलं. "आता तू सांग. जावचा आसा तर बोलान जा. ऱ्हवाचा आसा तर बोलान ऱ्हव. पप्पांका मी सांगान. पण गप ऱ्हवान गेलंस तर तुका काय व्हया तां माका कळाचा कसा?"

जायचं तर बोलून जा, राहायचं तर बोलून राहा. सई मूठ उघडून कळीकडे बघत होती, पुन्हा मिटत होती.  ती जाते म्हणाली असती तर मला वाईट वाटलं असतं, आणि राहते म्हणाली असती तर मला ते खरं वाटलं नसतं.

"दोनय," ती म्हणाली.

"दोनय म्हणजे गो काय?"

"माका आजी पण व्हयी आणि तू पण व्हयी."

"तां कसां जमतला?"

"तां माका काय म्हायती?" सईचा आवाज चढला, इतके दिवस साठलेला सगळा आवाज. कमरेवर हात गेला, मान तिरकी झाली. "तू बघ! आवस मां तू माझी?"

ते कसं जमवायचं ते मला काय माहीत, तू बघ, आई ना तू माझी? जयंतीने हे मला सांगितलं ते रडतच.

रुचिरा लादीवर खालीच बसली, कामाच्या कपड्यांसकट. तिने सईचा हात धरून तिला जवळ ओढलं.

"होय गो," ती म्हणाली. "आसंय मी तुझी आवस. बघतंय."